पन्नास टक्के ओल

तिकीट पाच लारीचं.
कोट इथेच ठेवा, म्हणाली नाझिब्रोला,
बाहेरची हवा आत नेऊ नका.
मी बाही झटकली. मार्चचा बर्फ
तिच्या फरशीवर पडला, पाणी झाला,
तिनं तो पायानंच पुसला, न बघता.

पहिल्या दालनात पंदुरी नि चोंगुरी,
लांब मानेच्या, भिंतीला पाठ लावून,
हाताची घडी, तोंडावर बोट.
दुसऱ्यात जर्दाळूच्या लाकडाच्या सालामुरी.
एकीच्या भोकांपाशी लाकूड खोलगट झालंय
तीन बोटांपुरतं. चौथ्या भोकाशी नाही.
का, ते पाटीवर नाही.
पाटीवर गावाचं नाव, साल, आणि 'कुटुंबाकडून भेट'.
भेट म्हणजे, ती सांगते,
पोरं तिबिलिसीला गेली, घर विकलं,
कुणी घेईना ते आमच्याकडे आलं.

तिसऱ्या दालनात एकटी चुनिरी.
चाळणीसारखी गोल, पाठ उघडी,
पुढून बकरीचं कातडं, आणि तीन तारा.
तारा कसल्या, घोड्याच्या शेपटीचे केस.
आमच्या भाषेत केसानं गळा कापतात.
इथे केसालाच गळा फुटलेला.

आजोबा आधी हिला शेकायचे,
भाकरी शेकावी तशी, चुलीपुढे धरून.
घरात माणूस गेलं की रात्रभर हीच बोलायची,
बाकीच्यांनी बसून राहायचं.
आणि हवेतली ओल हिला आधी कळायची.
कातडं सैलावलं, सूर खाली बसला
की आजोबा ताटातून उठायचे, गवत झाकायला,
आणि ते उठले की
पलीकडच्या उतारावरची माणसंही उठायची.

आता काचेत काडेपेटीएवढं एक यंत्र.
त्यावर पन्नास.
बाहेर बर्फ पडो, कडे कोसळोत, पन्नास.
जिला हवा कळायची
तिच्या वाट्याला हवाच उरलेली नाही,
असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.
यंत्र नाझिब्रोलानंच मागवलेलं,
तीन वर्षं अर्ज करकरून,
आणि कातडं अजून फाटलं नाही ते त्यामुळेच.

मग वीज गेली.
इथे जाते, ती म्हणाली,
आणि थर्मासातला चहा दोन झाकणांत ओतला.
मोबाईलच्या उजेडात आम्ही आकडा बघत बसलो,
तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तसे.
चौपन्न. सत्तावन्न.
एकसष्टला ती उठली, किल्ली काढली.
नियमातच आहे, म्हणाली,
कातडं हातानं चाचपून बघायचं.
चाचपलं.
पण दुसऱ्या हातात गज कधी आला
ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एकच सूर.
गाणं नव्हे. गंजलेली बिजागरी
आणि झोपेतलं कण्हणं, यांच्या मधलं काहीतरी.
मान कलती करून ऐकलं तिनं,
पुन्हा एकदा ओढला,
दूध नासलंय का बघताना
दुसऱ्यांदा वास घेतात तसा.
मग चुनिरी जागेवर, गज जागेवर, कुलूप.
उद्या घाट बंद, म्हणाली,
आणि माझं झाकण विसळायला घेऊन गेली.

बाहेर तेमराझ गाडीला टेकून बिया फोडत होता.
मी सांगितलं. त्यानं मोबाईल पुढे केला:
उद्याच्या चौकोनात पिवळा, गोल, हसरा सूर्य.
बंद म्हणून कोण म्हणालं?
मी म्हटलं, घोडा.

कुठला घोडा, असं त्यानं विचारलं नाही.
टरफलं थुंकली, वर शिखराकडे पाहिलं,
मग आत्ताच निघू, म्हणाला,
आणि चाकांना साखळ्या घालायला खाली बसला.