सव्वासहा

वडणग्याच्या डेअरीत साडेपाचला
कॅनची झाकणं वाजू लागली की
माझ्या पायथॉनच्या डिक्शनरीत माणसं येऊन बसतात,
महिरपी कंसात, दाटीवाटीनं:
नाव, लिटर, फॅट, दर.

दारावर चिकटवायच्या यादीला मात्र रांग लागते.
प्रत्येक नावाला मी बारा घरं दिली.
नाव डावीकडं, उरलेली घरं मोकळी,
पुढं आकडे.
कागद बाहेर आला तो
माशा वारणाऱ्या शेपटीसारखा.

रात्री दहापर्यंत कळेना.
गणपत, चार अक्षरं.
हिंदुराव, तीही चार;
मोठ्यानं म्हणून बघितलं, बोटावर मोजलं.
पण ते सुटं सुटं करून मोजत होतं:
ह, वेलांटी, टिंब, द, उकार, र, काना, व.
आठ!
म्हणजे गणपतला आठ घरं मोकळी
आणि हिंदुरावला चारच.
आपले काना-मात्रे अक्षराच्या
कडेखांद्यावर बसून जातात,
त्यांचं वेगळं तिकीट नसतं,
हे त्याला शिकवण्यात माझ्या अकरा ओळी गेल्या.

दुसऱ्या दिवशी फुलाबाई खाडे यादीपुढं.
अक्षर येत नाही, आकडा येतो.
वरून सातवी ओळ, तिसरा रकाना,
शेणाचं बोट पदराला पुसून
तिथं टेकवलं.
"मशीनवर सव्वासहा हुतं.
हितं सहा पॉइंट दोन.
मधलं कुणी प्यालं रं?"

एकच दशांश ठेवला होता मी,
कागद देखणा दिसावा म्हणून.
आणि आकडा बरोबर मधोमध आला
की पायथॉन समाकडं झुकतं:
गणपतचे पावणेसात वर सरकून सहा पॉइंट आठ,
फुलाबाईंचे सव्वासहा खाली.
"आत सव्वासहाच आहे, मावशी.
पैसे त्याच्यावरच निघतात.
फक्त छापताना..."

"आत हाय तर भाईर दिसू दे की."

मागं रांग खोळंबली होती,
कुणाची तरी किटली कलंडली,
मी खुर्चीत बसलो आणि
एकाच्या जागी दोन लिहिलं. एवढंच.
रकाना रुंद झाला.
सेक्रेटरी कागदाच्या रोलचा भाव सांगत राहिले.

फुलाबाईंनी नव्या कागदावर बोट फिरवलं,
सहा, ठिपका, दोन, पाच,
पाचवर जरा थांबलं.
"हां," म्हणाल्या,
रिकामा कॅन उचलला,
"आता म्हशीला सांगते."