पाठ आणि पोट

अक्कलकोट रोड रुंद झाला तेव्हा बाभळी पाडल्या,
सकाळी आठाच्या आत.
रिक्षावाल्याला चाळीस रुपये जास्त देऊन
एक खोड आणलं मी दत्तनगरात,
माणसाच्या उंचीचं, रिक्षात आडवं,
दोन्हीकडून बाहेर आलेलं, टोकाला लाल फडकं.
राजमणी दारातच.
"एंदुकु?"
कशाला, याला आमच्या तेलुगूत हा एवढाच शब्द,
आणि तो तिनं लग्नापासून जपून वापरलाय.

वर्षभर बाजेखाली ठेवलं,
टोकांना ऑइलपेंट, चिरू नये म्हणून.
सोलापूरचा एप्रिल म्हणजे फुकटची भट्टी,
पण भट्टीला धीर नसतो.
आधीचं एक खोड रात्री दोनला असं फुटलं
की शेजारचा मल्लिनाथ काठी घेऊन धावत आला.

जाणकार सांगतात, वलयं मोजा,
पाठीवर एकच वलय अखंड ठेवा.
आमची बाभूळ वलयं धड देत नाही.
पाऊस आला तर वाढते, नाही तर बसून राहते.
मग मी बोटांनी बघतो.
एकतीस वर्षं जॉबर होतो,
लाइट गेली तरी ताण्यातला तुटलेला धागा
हाताला लागायचा.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं.
निशाण्याकडे असते ती पाठ,
आपल्याकडे पोट.
उलटं वाटतं, पण तसंच आहे.
पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं.
मधली मूठ तेवढी हलत नाही.
एवढ्यावरून काय काय बोलता येईल,
पण भुसा डोळ्यात जातो बोलताना.

भिंतीवर खिळा, खाली कप्पी,
भंगारवाल्याकडून आणलेला ताणकाटा.
सहा फुटांवर पाटावर बसून दोरी ओढायची
आणि बघायचं, वाक कुठे अडतो.
अडतो तिथे कानस.
दोन हात, तिसरा नाही.
शेवटी बाटलीच्या काचेनं खरवडायचं,
साल निघावी लसणाची, इतकंच.

पहिलं बावीस इंचांवर मोडलं.
दुसरं पडद्याचा दांडा झालं.
तिसऱ्यानं राजमणी शेवग्याच्या शेंगा पाडते,
ते मात्र मोडत नाही.

हे चौथं.
दोरी वीस नंबर सुताची, अठरा पदरी, मेण चोळलेली.
निशाणा म्हणजे चिंध्यांचं पोतं,
त्यावर मोराची चादर, जकार्डच्या चुकीनं
एक पाय कमी पडला म्हणून परत आलेली.
गल्लीतली पोरं जमतात. "तात्या, काय दिसतंय?"
शाळेतली ती गोष्ट त्यांना पाठ आहे, पक्ष्याच्या डोळ्याची.
मला पाण्याची टाकी दिसते,
पत्र्यावर वाळणाऱ्या कुरडया,
मल्लिनाथची स्कूटर, स्कूटरवर मांजर.
मांजर जाईपर्यंत मी थांबतो.

धोटा जन्मभर बघितला.
इकडून सुटला की तिकडे, तिकडून इकडे,
आठ तासांत एकदाही बाहेर गेला नाही
(एकदा गेला, कोडम मास्तरांचा दात घेऊन).
बाणाला परत यायची सवय नाही.
त्याच्यामागे आपण जायचं,
गुडघ्यावर हात ठेवून, पोरांनी हसायचं.

काल संध्याकाळी ताणकाट्यानं सतरा किलो दाखवले,
वाक दोन्हीकडे सारखा, दसऱ्याच्या कमानीसारखा.
मी हात पुसत होतो.
राजमणी चहा घेऊन आली, कप खाली ठेवला
आणि न विचारता दोरी एका बोटानं ओढून सोडली.
ती कांडीवाली होती आमच्याच कारखान्यात,
चाळीस मागांतला कुठला कुरकुरतोय
हे पाठ फिरवून सांगायची.

पुन्हा एकदा ओढली.
कान थोडा तिरका.
"एकोणीस नंबरचा पट्टा असाच वाजायचा," म्हणाली,
"तुटायच्या आदल्या दिवशी."

चहा तसाच.
मी दोरी उतरवली,
खालच्या बाजूवर अंगठा फिरवत गेलो, हळू,
आणि एका जागी थांबलो.

"कानस कुठंय?"
तिनं ती आधीच पदराला पुसली होती.