कोलिआसच्या चुली

भाकीत जुनंच होतं म्हणे:
कोलिआसच्या बायका वल्ह्यांवर रांधतील.
आम्ही हसायचो.
फानोस्त्रातेची सासू म्हणायची,
मग मासाही तसाच हवा,
आपणहून वल्हवत चुलीत येणारा.

सलामिसहून परतलो त्या सकाळी
घराला छप्पर नव्हतं, कुंपणाला काटा नव्हता,
ऑलिव्हचं खोड तेवढं उभं, गुडघ्याएवढं, काळं.
शहराकडून अजून जळकट वास.
आणि किनाऱ्यावर, नजर पोचेल तिथवर,
लाकूड.

पश्चिमेच्या वाऱ्यानं रात्रभर ओढून आणलेलं.
फळ्या, डोलकाठ्या, कुठल्याशा जहाजाचा रंगवलेला डोळा
वाळूत अर्धा रुतून आभाळाकडे बघणारा.
माणसंही होती. त्यांच्याबद्दल नंतर.
आधी पोरांच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं.

सिदोनची वल्ही चांगली जळतात.
देवदार असावा, चूल गोड वासानं भरून जाते,
वाटतं, देवळातच मसूर शिजतोय.
बाकीची चिडकी. मिठानं तडतडणारी,
हिरव्यानिळ्या जिभा काढून दाखवणारी.
भाकितात धुराबद्दल काही नव्हतं.
डोळे मात्र आमचेच चुरचुरले.

तिसऱ्या दिवशी एक वल्हं हाती लागलं,
मुठीपाशी सुरीनं काहीतरी कोरलेलं.
मला अक्षर येत नाही.
घडवलेल्या भांड्याच्या बुडाशी अंगठा दाबते,
तीच माझी सही.
लेकाला हाक मारली.
खारिसांद्रोस आला, तळहातांना चिंध्या बांधलेला,
त्या दिवसापासून घरात चार शब्द बोलला असेल नसेल.
त्यानं वाचलं:
मी एरिथ्रायच्या पाम्फाएसचं.
माझ्या आसनाला हात लावणारा आंधळा होवो.

आमचीच अक्षरं.
बोलीही आमचीच, जरा लांबवलेली,
पलीकडच्या काठी दिलेल्या आत्याच्या तोंडी असते तशी.
जहाज राजाचं, हुकूम राजाचा,
शिव्याशाप मात्र घरचे.

मला हसू फुटलं, किती दिवसांनी.
लेक हसला नाही.
म्हणाला, आसन सापडलं का गं?
मेंढीच्या कातड्याचं असतं. तेलाचे डाग असतील.
त्याच्यावाचून ढुंगणाची सालटी निघतात.
मग बऱ्याच वेळानं, समुद्राकडे बघत:
त्यांचा ताल देणारा आपल्यासारखंच ओरडत होता, आई.
दोनदा मी चुकून
त्याच्या तालावर वल्हं मारलं.

माणसांबद्दल नंतर म्हटलं होतं.
भांड्यांसाठी लाल माती जिथून काढतो
त्याच खाणीत खड्डे खणले, आम्ही बायकांनीच.
कोण कुठला, कसं कळावं?
पाणी सगळ्यांना एकाच वयाचं करून टाकतं.
फानोस्त्राते एकेकाच्या कानाशी वाकून विचारायची,
कुठला रे तू?
कुणी बोललं नाही,
म्हणून सगळ्यांना सारखीच मूठभर माती.
पाम्फाएस त्यांत असेल.
किंवा पोहून गेला असेल, बेटावरून बेटावर,
बिनआसनाचा, शिव्या देत.

ते वल्हं मी जाळलं नाही
असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल.
पण तो हिवाळा हाडं फोडणारा होता.
पात्याकडून सुरुवात केली, रोज वीतभर.
मुठीपाशी आले तेव्हा वसंत लागला,
म्हणून ती राहिली. एवढंच.

आता तिनं भट्टीतली राख ओढते.
माझ्या हाताला जरा जाड होते.
अक्षरं झिजत चाललीत,
लेक म्हणतो, अजून 'आंधळा' तेवढं वाचता येतं.

एरिथ्रायचा कुणी व्यापारी
भांडी बघायला आला
की ती मूठ मी आत नेऊन ठेवते,
पिठाच्या रांजणामागे.
भाव करताना
त्याच्या हातांकडे बघत नाही.