दिवस भरेपर्यंत

पलंगाची पायाकडची बाजू वर उचलली आहे,
डोकं खाली. जसं काही
उतारावरून घसरणाऱ्या दोघांना
थोडं माघारी ढकलता येईल.

तेवीस आठवडे, एक दिवस.
गेले तेव्हा मोजले नव्हते दिवस.
आता भरायचेत तर एकेक,
आणि बाहेर दिवसच नाही:
नोव्हेंबरपासून ट्रोम्सोत सूर्य उगवलेला नाही.
दुपारी बाराला डोंगरामागे निळसर काहीतरी होतं,
दीडला ते कुणीतरी आवरून ठेवतं.

बोट्सफ्योर्डहून विमानाने आणलं मला
पट्ट्यांनी बांधून. दोन्ही हात पोटाखाली,
काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसे.
ओडवार मागे राहिला. वादळ, धावपट्टी बंद.
फोनवर तो आधी बोटीबद्दलच बोलत राहिला,
दोर, बर्फ, खेकड्यांचे पिंजरे.
मी बोलू दिलं.

डॉक्टर लुंदेमो खुर्ची ओढून बसल्या.
उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, एवढं तेव्हाच कळलं.
"आज रात्री आली तर
आम्ही प्रयत्न करू शकतो. किंवा
तुमच्या छातीवर देऊ शकतो, ऊब राहील तोवर.
दोन्हींतलं काहीच चूक नाही."
मग चष्मा काढून,
"आणि दोघांसाठी उत्तर एकच असायला हवं, असंही नाही."

ती पाचशे चाळीस ग्रॅम. तो चारशे सत्तर.

या बाईला काय माहीत,
मी अकरा वर्षं मासळीच्या कारखान्यात
कॉडचे तुकडे उचलते.
माझा हातच तराजू आहे.
चारशे सत्तर म्हणजे किती
हे मला कुणी सांगावं लागत नाही.
पट्ट्यावरून उचलायचा, न बघता,
अंमळ कमी भरला की बाजूला.
तोच हा हात.
पोटावर ठेवायचा धीर होत नाही.

रात्री मारेत सुई घेऊन येते.
"त्यांच्या फुप्फुसांसाठी," म्हणते.
माझ्या मांडीत टोचलेलं
त्यांच्या न घेतलेल्या श्वासापर्यंत पोचायला
दोन दिवस लागतात.
तेवढे द्या, मी म्हणते.
कुणाला म्हणते, माहीत नाही.
सुखरूप मोकळी हो, असा आशीर्वाद देतात बायका.
मला नाही व्हायचं मोकळं.
मला अडून राहायचंय,
फुगलेलं लाकडी दार अडतं तसं,
खांदा लावला तरी न उघडणारं.

पहाटे तीनला ओडवार.
"धाकट्याला सोडायचं म्हणतेस?"
मी असं म्हटलं नव्हतं.
मी काहीच म्हटलं नव्हतं.
त्याच्याकडचा वारा ऐकू येत होता, बराच वेळ.
"लाथ मारतो का तो?"
"तीच मारते. तो नुसता कूस बदलतो."
"मग बदलू दे," तो म्हणाला,
आणि पुन्हा पिंजऱ्यांवर गेला, आवाज चिरकत.

एकवीस जानेवारी. आज सूर्य परत यायचा.
सगळा मजला दक्षिणेच्या खिडक्यांशी,
हातात जॅम भरलेले गोल पाव,
दरवर्षी याच दिवशी खातात तसले.
माझी खिडकी उत्तरेला. त्यातून मी उलटी टांगलेली.
फरशी पुसणारी सेनाइत एक पाव माझ्यासाठी घेऊन आली.
एरिट्रियाची ती, तिला या सोहळ्याचं हसूच येतं.
"चार मिनिटं दिसला," म्हणाली,
"तोही अर्धाच. आणि लोक टाळ्या वाजवतात!"

तेवीस आठवडे, पाच दिवस.
आडवं पडून खाताना साखर मानेवर सांडते.
खणातल्या कागदावर 'दोघांसाठी' एवढं लिहिलंय,
पुढची ओळ अजून कोरी.

आत कुणीतरी कूस बदलली.
हात आपसूक तिथे गेला,
आणि या वेळी
त्याने वजन केलं नाही.