अंदाजानं

नव्या पेठेत दुचाकी लावायला जागा मिळत नाही.
अभ्यासिकेखाली चपलांचा ढीग, जिन्यात फोडणीचा वास.
औषधांची पिशवी घेऊन मी वर चढते
तेव्हा पोरांना वाटतं, हीसुद्धा डबा लावायला आली.

खोपडेकाकूंची खाणावळ तिसऱ्या मजल्यावर.
पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत काकू,
मध्ये जुन्या साडीचा पडदा.
पहिल्याच दिवशी मी दार लोटून घ्यायला गेले तर म्हणाल्या,
"असू दे उघडं.
वाट्यांच्या आवाजावरून कळतं मला, कोण अर्धपोटी उठलं ते."

पोटातली गाठ आता हाताला लागते.
मॉर्फिन दर चार तासांनी. रात्रीचं दुप्पट,
म्हणजे पहाटे उठवायला नको.
ज्ञानोबाकाका कॅलेंडरवर खुणा करतात:
दुधाची रेघ, औषधाचा ठिपका.
चुकत नाहीत. दापोडीच्या वर्कशॉपात
एकतीस वर्षं बोल्ट मोजून आवळलेले हात.

त्यांना जमत नाही ते एवढंच, की ताट आत न्यायचं नाही.
जिनं एकाही पोराला उपाशी जिना उतरू दिला नाही
तिच्या ओठांशी चमचा धरून बसतात.
पेज. मुगाचं कढण. मऊ भात, वर तूप.
एक घास. माझ्यासाठी. बरं, अर्धा.
काकू गिळतात. त्यांच्यासाठी.
नंतर सगळं उलटून पडतं,
हे मला वृषाली सांगते, कुकरच्या शिट्टीआड, सासऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

काकांना मी जिन्यात गाठलं.
असली वाक्यं जिन्यातच बोलावी लागतात.
म्हटलं, काका, त्या जेवत नाहीत म्हणून चालल्या नाहीत.
चालल्यात, म्हणून जेवत नाहीत.
वरून एक पोरगा रुमालाला हात पुसत उतरला,
आम्ही भिंतीला चिकटून त्याला वाट दिली.
"पण सिस्टर," काका म्हणाले,
"खाणावळवाल्याची बायको, आणि उपाशी..."
पुढचं त्यांना बोलता येईना.
मग मी त्यांना कापूस भिजवायला शिकवलं.
ओठ ओले करायचे, इतकंच. ओठांना तूप.
तेच तूप, काका. भातावरचं.

वृषाली वही घेऊन उशाशी बसायची.
तीस पानांच्या आमटीला मीठ किती, आई?
"अंदाजानं."
आणि काळा मसाला?
"अंदाजानं गं."
वहीत तारीख तेवढी लिहिलेली, खाली पान कोरं.

एका दुपारी सुई काढून मी हात पुसत होते.
काकू डोळे मिटून म्हणाल्या, "किती दिवस?"
ह्या घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं.
सगळे पडद्याच्या ह्या बाजूला एक बोलत,
त्या बाजूला दुसरं.
मी विचारलं, अंदाजानं सांगू?
त्या हसल्या. हसताना दुखलं, तरी हसल्या.
"सांगा."
म्हटलं, ह्याच आठवड्यातले.
बराच वेळ पलीकडे फक्त वाट्या वाजत होत्या.
"मग शनिवारची मेथी नका म्हणावं आणू.
एवढी निवडायला पोरगी एकटी पडेल."

शुक्रवारी मी पोचले तेव्हा श्वास थांबून थांबून येत होता.
पंगत चालू होती. कुणी काही मागत नव्हतं,
पोरं आपली आपण उठून वाढून घेत होती, वाटीचा आवाज न करता.
मी वृषालीला म्हटलं, त्यांना सांग, वाजू दे.
तिनं सांगितलं. आधी एक वाजली,
मग दुसरी.

काकांनी देवापुढची पळी आणली, आत तुळशीचं पान.
पळी तोंडाशी नेली आणि हात तिथंच थांबला.
माझ्याकडे बघत राहिले,
मीच तर बंद केलं होतं ना सगळं.

मी मान हलवली.
किती घालू, ते त्यांनी विचारलं नाही.