बत्तीसास एक

खोका येतो तेव्हा दोघांना धरावा लागतो.
आत सात राखाडी सांगाडे,
खाऊन उरलेल्या माशाच्या काट्यासारखे,
प्रत्येक काट्याला नंबर.
आय चाळून बघते. "यान खावाचा कंचा?"

एका बैठकीचं मिग. बत्तीसास एक.
मला हवंय दोन बैठकींचं,
शिकणारा पुढे, शिकवणारा मागे,
आणि तसं खोक्यात मिळत नाही.
म्हणजे कापणं आलं.

न्हाव्या-शेव्याला रात्रभर कंटेनरची सीलं तपासून
सकाळी साडेसातला मी करवत घेतो,
दाढीच्या पात्याहून जराशीच जाड.
जोडरेषेवर चिकटपट्टी. तीनदा मोजतो.
"आताच हानलास, न कापतंस कनाला?"
दारात आय, हातात सुकटीचं ताट.
मागे एकाला बसवायचंय, मी म्हणतो.
"कोनाला?"
आराखड्यात हे दिलेलं नाही.

बत्तीसने भागायची सवय लागते.
माणूस करंगळीएवढा.
आमचं ते घर, ओटीपासून मागल्या पडवीपर्यंत बत्तीस फूट,
म्हणजे शाळेतली एक पट्टी.
उलव्याचा डोंगर:
स्टुलावर उभं राहिलं की छताला हात लागतो, तेवढा.
तो आता नाही. शून्याला कितीनेही भागा.
त्याच्या जागी धावपट्टी,
ती मात्र भागूनही आमच्या फाटकातून निघते
आणि दूध केंद्राच्या पुढे जाते.
आम्हाला हलवलं त्या वसाहतीचं नाव पुष्पक.
ठेवणाऱ्याला विनोद करायचा नव्हता,
असं मी धरून चालतो.

विमानं आवडायची ती त्याच्या आधीपासून.
मुद्दाम सांगतो, कारण लोक विचारतात.
खाडीच्या बांधावर बाबा पाग टाकायचे,
मी टोपली धरून वर बघायचो,
सांताक्रूझकडे निघालेल्यांची चाकं
कुठल्या खांबावर उघडतात ते.
कोळंबी टोपलीबाहेर उड्या मारायची. शिव्या खायचो.

काचेसाठी साचा लागतो, लाकूड घट्ट हवं.
पलंगाखाली जुन्या चौकटीचा तुकडा होता,
सागाचा, बिजागरीच्या भोकासकट.
भोक टाळून कापला. तासला.
चारशे, सहाशे, हजार नंबरचा कागद,
मग गालावर फिरवून पाहिला.
पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा शेगडीवर धरला,
तो मऊ झाला, मधे लोंबला,
आणि एका दमात साच्यावर ओढला.

गार झाल्यावर उजेडात धरली काच
तर सागाच्या रेषा तिच्यात उतरलेल्या.
चूक माझीच. लाकडाला आधी पुट्टी,
वर वार्निशचे चार हात,
नवख्या पोरालाही माहीत असतं.
तरी मागच्या बैठकीच्या जागी डोळा नेऊन पाहिलं:
गॅलरीची जाळी, पाण्याची टाकी,
लांबची क्रेन, दोरीवर आयची लुगडी,
सगळ्यावरून आमच्या दाराच्या रेषा गेलेल्या.

चहावर साय धरली.

मग वार्निश दिलं, रोज एक हात.
पाचव्या दिवशी दुसरी काच ओढली, स्वच्छ.
वाशीच्या प्रदर्शनाला तीच लागेल.
ठाण्याचे टिपणीस परीक्षक असतात, भिंग घेऊनच येतात,
गेल्या वर्षी त्यांना माझ्या डाव्या पंखात
केसाएवढी फट सापडली होती.
पुढचा करंगळीएवढा माणूस रंगवून झालाय,
मिशीसकट.
मागे नुसते पट्टे लावलेत,
गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचे,
सैल सोडलेले,
आत्ताच कोणी उठून गेल्यासारखे,
किंवा यायचं असल्यासारखे. टिपणीस काय ते ठरवतील.

पहिली काच फेकणार होतो.
ती आयने देव्हाऱ्यात नेली,
नैवेद्याच्या गुळावर उपडी घातली,
मुंग्या लागू नयेत म्हणून.
"मापान बसली," म्हणते.