डावी बाजू

रंकाळ्यात डुंबून आला की भुंगा
दोन दिवसांनी मान झटकायला लागतो.
कानांची फटफट
गंगावेशीतल्या आमच्या जिन्यापर्यंत.
जवळ घेतलं तर वास,
आंबून गेलेल्या ताकाचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काडी आत घालायची नाही.
दिसतं तेवढंच पुसा.
पाण्यातनं आला की कोरडं करा,
ओल आत बसते, बाकी काही नाही.

म्हणून रविवारी, तालमीतून आल्यावर,
हिंदुराव काका फरशीवर मांडी ठोकतात.
ज्या हातांनी घिस्सा मारून
कैकांना आस्मान दाखवलं
त्या हातातली औषधाची बाटली
आधी काखेत धरून बसतात.
"गार लागलं की बिथरतंय त्ये."

लांबुडका कान उलटतात.
आत गुलाबी. आज लाली कमी.
चार थेंब, मग मुळाशी चोळणं,
चिखलातून चालल्यासारखं चुबुक चुबुक.
भुंग्याचे डोळे अर्धे मिटतात,
मागचा पाय हवाच खाजवतो,
आणि एका झटक्यात सगळं
काकांच्या बंडीवर.

काकांचे स्वतःचे कान
रगडून रगडून कधीचे मिटलेत,
सुक्या अंजिरासारखे.
डाव्यातनं तर काहीच जात नाही.
"तवा कुणी सांगितलं न्हाई,"
कापूस दुमडत म्हणतात,
"रगात काढून घ्याचं असतंय म्हणून.
आमी उलट मिरवलं."

भुंगा नेमका तोच कान चाटतो.
काका हलत नाहीत.

दुसरा राहिलाय अजून, मी म्हणते.
बहुतेक डाव्या बाजूनं म्हणते.